‘पीसीडी’ म्हणजे काय? चाकाची पाच भोकं कॅडमध्ये कशी काढतात?

गाडीला अलॉय व्हील घ्यायला गेलात की दुकानदार पीसीडी विचारतो. उत्तर असतं, समजा, 5×114.3. म्हणजे बोल्टची पाच भोकं, आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 114.3 मिलिमीटर. हा विचित्र आकडा म्हणजे सरळ साडेचार इंच.

कॅडमध्ये ही पाच भोकं एकेक करून काढत नाहीत. ऑटोकॅडमध्ये आधी पीसीडीचं वर्तुळ काढायचं, त्यावर एकच भोक काढायचं आणि ‘पोलर अ‍ॅरे’ ही कमांड द्यायची. मध्यबिंदू चाकाचा, संख्या 5 (मूळ भोक धरून), कोन 360 अंश. दर 72 अंशांवर एक भोक आपोआप बसतं.

नवखे फसतात ते त्याआधीच. सर्कल कमांड व्यास नाही, त्रिज्या मागते. तिथे 114.3 टाकलं की वर्तुळ दुप्पट! त्यामुळे 57.15 टाका, नाहीतर आधी ‘डी’ टाइप करून मग व्यास द्या.

जुन्या चाकावरून माप घेणं मात्र खरंच किचकट. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या केंद्रांमधलं अंतर हाच पीसीडी. पाचांत समोर भोकच नसतं! मग शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजून 0.588 ने भागायचं. 67.2 मिलिमीटर भरलं तर पीसीडी 114.3, 65.8 भरलं तर 112. फरक दीड मिलिमीटरचाही नाही, पण चुकीचं चाक हबवर नीट बसत नाही आणि नट सैल होण्याचा धोका राहतो. इथे टेप नको, व्हर्निअर कॅलिपरच हवा.