क्लोराइड स्थलांतर

क्लोराइड स्थलांतर ही रक्तातील तांबड्या पेशींच्या पटलातून होणारी आयनांची अदलाबदल आहे. ऊतकांतून आलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपासून तांबड्या पेशीत बायकार्बोनेट आयन तयार होतात. ते रक्तद्रवात जातात आणि त्यांच्या जागी तितकेच क्लोराइड आयन पेशीत येतात. फुप्फुसांत हाच क्रम उलट दिशेने घडतो. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हार्टोग याकोब हाम्बुर्गर (१८५९–१९२४) यांच्या नावावरून यास हाम्बुर्गर परिणाम असेही म्हणतात.

कार्बन डाय-ऑक्साइडचे वहन

विश्रांत अवस्थेत प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. त्याचा दहा टक्क्यांहून कमी भाग रक्तात नुसता विरघळून जातो, सुमारे २० टक्के हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनांना जोडला जातो आणि उरलेला, म्हणजे सुमारे ७० टक्के, बायकार्बोनेटच्या रूपात वाहिला जातो. कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांचा संयोग आपोआपही होतो, परंतु त्यास अनेक सेकंद लागतात. रक्त मात्र केशवाहिनीत जेमतेम एक सेकंद असते. ही अडचण कार्बोनिक ॲनहायड्रेज हे विकर दूर करते. त्याचा शोध १९३३ मध्ये मेल्ड्रम व रफ्टन यांनी केंब्रिज येथे लावला. हे विकर तांबड्या पेशींत विपुल असते, रक्तद्रवात जवळजवळ नसते. त्यामुळे बायकार्बोनेट तयार होते पेशीत, पण वाहिले जाते मुख्यतः रक्तद्रवात. शालेय वर्णनांत बहुधा गाळली जाणारी ही गोष्टच या प्रक्रियेचे मर्म आहे.

यंत्रणा

कार्बोनिक आम्लाचे विघटन होऊन हायड्रोजन आयन व बायकार्बोनेट आयन मिळतात. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन सामावून घेते आणि त्याच वेळी त्याची ऑक्सिजनवरील पकड सैल होते. क्रिस्तियान बोर व सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये वर्णिलेला बोर परिणाम तो हाच. बायकार्बोनेट पेशीतच साचत राहिले, तर अभिक्रिया मंदावेल. विद्युतभारित आयनांना मेदयुक्त पटलातून सहज जाता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पटलात 'बँड ३' नावाचे प्रथिन असते. एका तांबड्या पेशीत त्याच्या सुमारे दहा लाख प्रती असतात. एक बायकार्बोनेट बाहेर, एक क्लोराइड आत, असा त्याचा काटेकोर हिशेब असतो. दोन्ही आयनांवर सारखाच ऋणभार असल्याने विद्युत समतोल ढळत नाही. या कामी पेशीला ऊर्जाही खर्चावी लागत नाही. दिशा ठरते ती दोन्ही बाजूंच्या आयनसंहतींवरून.

आयनांची संख्या वाढल्याने पेशीतील तर्षण दाब वाढतो व थोडे पाणी आत शिरते. म्हणून नीलेच्या रक्तातील तांबड्या पेशी रोहिणीतल्यापेक्षा किंचित फुगलेल्या असतात, आणि तेथील रक्तद्रवात क्लोराइड किंचित कमी आढळते.

फुप्फुसांत ऑक्सिजन जोडला जाताच हिमोग्लोबिन हायड्रोजन आयन सोडते. बायकार्बोनेट पुन्हा पेशीत येते, क्लोराइड बाहेर पडते, आणि त्याच विकराच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा होऊन उच्छ्वासावाटे जातो. ऑक्सिजनच्या या प्रभावास हाल्डेन परिणाम म्हणतात (१९१४).

बँड ३ पेशीच्या आतील सांगाड्यालाही पटलाशी बांधून ठेवते. त्यातील काही जनुकीय दोषांमुळे तांबड्या पेशी गोलाकार व ठिसूळ होतात. मूत्रपिंडात याच प्रथिनाचे आखूड रूप आम्लाच्या उत्सर्गास मदत करते, त्यामुळे काही दोषांत तेथे आम्ल साचण्याचा विकार होतो. जबडाहीन लॅम्प्रे माशाच्या तांबड्या पेशींत ही अदलाबदल जवळजवळ होत नाही; त्याचे बायकार्बोनेट बहुतांशी पेशीतच राहते.

सिकलसेल आणि पूर्व विदर्भ

नागरा गाव ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, तो जिल्हा तसेच भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर हा महाराष्ट्रातील सिकलसेल आजाराचा एक प्रमुख पट्टा आहे. या आजारात बँड ३ शाबूत असते. दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असतो. तिच्यातील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून तंतू बनवते आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

येथे कार्बन डाय-ऑक्साइडचा संबंध येतो. ऊतकांतील आम्लता वाढली की बोर परिणामामुळे ऑक्सिजन अधिक सुटतो, म्हणजेच तंतू बनण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. शिवाय आम्लतेमुळे पोटॅशियम व क्लोराइड एकत्र बाहेर नेणारा वेगळा मार्ग सक्रिय होतो, आणि त्यांच्यामागे पाणीही जाते. तंतू बनण्यापूर्वीचा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून पेशी थोडीशी कोरडी पडली तरी हा विलंब झपाट्याने घटतो. विलंब पुरेसा असल्यास पेशी तंतू बनण्याआधीच केशवाहिनी ओलांडून फुप्फुसांकडे निघून जाते. वैदर्भीय उन्हाळ्यात आणि धानाच्या शेतातील श्रमांत रुग्णाने भरपूर पाणी पिणे, ताप व जुलाबांवर वेळीच उपचार घेणे, या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

प्राथमिक तपासणीतील विद्राव्यता चाचणीही याच गुणधर्मावर आधारित आहे. रसायनाने ऑक्सिजन काढून घेतल्यावर सदोष हिमोग्लोबिन अविद्राव्य होते व द्रावण गढूळ दिसते. वाहक व रुग्ण यांतील फरक मात्र या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी करावी लागते.