एकसष्टच

मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली आहे आणि तिच्यावर ओल्या गोणपाटाच्या वळकट्या ओळीनं मांडल्या आहेत. प्रत्येक वळकटीला रबर, रबरात खोचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव. परतूर तालुक्यातलं, दुधना नदीच्या बाजूचं हे गाव. मृग निघून आठवडा होत आलाय. दोन सरी येऊन गेल्या, धूळ बसली, एवढंच. चाड्यावर मूठ धरायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात घरच्या सोयाबीनची उगवण तपासून घ्या, असं कृषी सहायकांनी गावाला बजावून ठेवलं होतं. आज वळकट्या उघडायच्या आहेत.

माणसं एकेक करून येतायत. टोप्या, उपरणी, मोबाइल. चार-दोन बायका पायऱ्यांशी उभ्या आहेत. मी खांबाशी जागा धरून बसलोय.

वडिलांच्या मागं एक मुलगी येते. डोक्यावर घमेलं, त्यात तीन वळकट्या, काखेत वही. घमेलं खाली ठेवते आणि लगेच मागं सरकून भिंतीपाशी बसते, जिथून कुणाला दिसणार नाही अशी. तिची मैत्रीण मात्र थेट माझ्याजवळ येऊन बसते आणि विचारायच्या आधीच सांगायला लागते. दोघी दहावीत. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात, मानव विकासच्या सायकलींवर. आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल, आणि दूरच्या मुलींसाठी निळी बस, अशी ही सरकारी सोय. तिच्या जोरावर या भागातल्या कितीतरी मुलींचं सातवीनंतर दप्तर सुटलं नाही.

“वर्गात पहिली येती ती,” मैत्रीण हळूच सांगते. “पण सरांनी उभं केलं की तोंडातून शब्द फुटत न्हाई. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचं भाषण हिनंच लिहिलं होतं, मुक्ता साळवेवर. वाचलं मी. टाळ्या मला पडल्या.”

मी त्या मुलीकडं बघतो. ती वहीत काहीतरी पडताळून पाहतेय.

कृषी सहायक सुरुवात करतात. पद्धत सगळ्यांनी आठवडाभरापूर्वी ऐकलेलीच आहे, तरी पुन्हा सांगतात. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुवायचा, ओला करून पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, म्हणजे शंभर दाणे, एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवायचे. वरून दुसरा ओला तुकडा, मग गुंडाळी. सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. असे तीन नमुने. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तर किंवा त्याहून जास्त भरले तर एकरी तीस किलोची शिफारस आहे तेवढंच बियाणं पुरतं. कमी भरले तर त्या मानानं वाढवायचं. साठच्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही.

“दोन हजार वीस आठवतंय ना?” ते विचारतात.

माना हलतात. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या सोयाबीनवर पाऊस कोसळला होता. बियाण्याची उगवणशक्ती गेली आणि पुढच्या जूनमध्ये मराठवाडाभर ओळीच्या ओळी मोकळ्या राहिल्या. लोकांनी दुबार पेरणी केली. तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ही मुलगी तेव्हा लहान होती. मैत्रीण सांगते, त्या वर्षी हिच्या आईचे कानातले गहाण पडले ते दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला.

पहिली वळकटी तिच्याच घरची उघडायची ठरते. वडील रबर काढतात. कुबट, ओल्या मातीसारखा वास सुटतो. दाण्यांतून पांढरे कोंब निघालेत, काही बोटभर, काही नखाएवढे. वडिलांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, पुढं सरसावतात. गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते बोट टेकवत मोजतात, मोठ्यानं, आणि शेवटच्या ओळीला आवाज चढवतात.

“एकाहत्तर! सत्तरच्या वर. झालं काम.”

वडिलांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. कुणीतरी पुढची वळकटी उचलतंसुद्धा.

“एकसष्ट.”

आवाज भिंतीपासून आलाय, आणि इतका बारीक की तो मला ऐकू येतो तो मी तिच्याकडं बघत होतो म्हणून. बाकी कुणाचं लक्ष नाही. ती मान खाली घालते. वहीचं पान मुडपते, सरळ करते. मला वाटतं, संपलं, आता ही बोलत नाही.

“नाना, ती एकसष्ट म्हणायलीय!” मैत्रीण ओरडते.

सगळे वळतात. नाना भुवया उंचावून विचारतात, “काय म्हणली गं माय? मोजता येत न्हाई का मला?” बोलण्यात राग नाही, पण माणसं हसतात. तिचे कान लाल होतात. वडील म्हणतात, “राहू दे, लेकरू हाय.”

हा क्षण मी अनेक घरांत, अनेक वर्गांत पाहिलाय. अशा वेळी मोठी माणसं दोनच गोष्टी करतात. एक तर ‘राहू दे’ म्हणून मुलीला सोडवतात, नाही तर ‘अगं धीट हो, बोल की’ म्हणून तिला ढकलतात. दोन्हींनी ती आणखी आत जाते. कृषी सहायक या दोन्हींपैकी काहीच करत नाहीत. ते सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि अगदी कामाच्या सुरात विचारतात, “कोणते दहा सोडलेस तू? दाखव बरं.”

याला उत्तर तिच्याकडं आहे.

ती उठते, ओळीशी येऊन गुडघ्यांवर बसते. एक दाणा दोन बोटांत उचलते. कोंब फुटलाय, पण टोकाशी तपकिरी पडलाय. “ह्याचं मूळ सडलंय,” ती म्हणते आणि तो बाजूला ठेवते. दुसरा. “ह्याला मूळ वाढलंच न्हाई, खुंटलंय.” तिसऱ्याच्या दोन्ही डाळी मधून चिरलेल्या आहेत. बोलताना तिचा आवाज वाढत नाही. उलट माणसंच पुढं झुकतात, मोबाइलवर बोलणारा एकजण फोन बंद करतो. दहावा दाणा बाजूला ठेवताना तिची क्षणभर घालमेल होते. ती तो परत उचलते, उजेडाकडं धरते, उलटसुलट करते आणि पुन्हा बाजूलाच ठेवते.

“पण फुटलं तर हाय ना?” नाना विचारतात.

“फुटलंय, पण वर येणार न्हाई, नाना.” ती आता वहीत बघत नाही. “सोयाबीनला दोन्ही डाळी घेऊन मातीच्या वर यावं लागतं. आपल्या काळ्या रानात पेरल्यावर जोराचा पाऊस आला आन् ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो. ज्याचं मूळच धड न्हाई ते पापुद्रा कसा फोडंल? गोणपाटात दिसतंय ते रानात दिसणार न्हाई.”

कुणी हसत नाही. पापुद्रा काय करतो ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

“बरोबर आहे,” कृषी सहायक म्हणतात. “प्रयोगशाळेतही असंच मोजतात. निरोगी रोपं तेवढी धरायची, विकृत धरायची नाहीत.”

हे जालना जिल्ह्यात बोललं जातंय याला अर्थ आहे. जालन्याची देशभर ओळख आहे ती बियाण्यांचं शहर म्हणून. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी तिथंच सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सगळा व्यवसाय एका साध्या गोष्टीवर उभा राहिला: पिशवीवर लिहिलेला उगवणीचा आकडा खरा असला पाहिजे. त्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात, देवळाच्या फरशीवर, एक मुलगी आपल्याच घरचा, आपल्याच वडिलांना नको असलेला आकडा खरा ठेवतेय.

दुसरी वळकटी उघडते. या वेळी नाना मोजतात आणि ती शेजारी बसते. पहिल्या चार-पाच ओळींत ती बोट दाखवते. पुढं नाना स्वतःच खुंटलेला कोंब उचलून तिच्याकडं बघतात. ती मान हलवते. तो बाजूला जातो. चौसष्ट. तिसऱ्या वळकटीत नाना विचारतसुद्धा नाहीत. एकसष्ट.

“आता सरासरी?” कृषी सहायक खडू पुढं करतात. खडू कुणाकडं केलाय हे स्पष्ट आहे.

ती शहाबादी फरशीवर लिहिते. एकसष्ट, चौसष्ट, एकसष्ट. बेरीज एकशे शहाऐंशी. भागिले तीन, बासष्ट. मग तिला कुणी सांगायच्या आत खाली पुढची ओळ: तीस गुणिले सत्तर, भागिले बासष्ट. तेहतीस पूर्णांक सत्त्याऐंशी. “एकरी चौतीस किलो धरायचं,” ती वडिलांना सांगते. “तीन एकराला बारा किलो जास्त लागंल, दादा.”

वडील काही वेळ फरशीवरच्या आकड्यांकडं बघत राहतात. बारा किलो म्हणजे पैसेच. मग म्हणतात, “ठेवलेल्यातलं निघंल तेवढं. दुबार पेरण्यापरीस बरं.” आणि लेकीकडं बघून विचारतात, “तू हे रोज बघत होतीस व्हय?”

ती वही उघडून त्यांच्या हातात देते. मी वाकून बघतो. दर दिवसाची तारीख, पाणी कधी शिंपडलं, कोणत्या ओळीत पहिला कोंब दिसला, वास आला का, बुरशी कुठं धरली. पानाच्या कडेला शंभर चौकटींची जाळी, दाण्यामागं खूण. कुणीही सांगितलेलं नसताना केलेलं हे काम आहे. सकाळी तिनं पुन्हा एकदा मोजून ठेवलं होतं, दोन्ही वेळा एकसष्ट. मघाशी सगळे हसत असताना तिच्या पायाखाली काय होतं ते आता मला दिसतं.

आत्मविश्वास शिकवता येतो असं आपण धरून चालतो. भाषणं देतो, शिबिरं घेतो, आरशापुढं उभं राहून बोलायला सांगतो. कुणाकुणाला त्याचा उपयोग होतही असेल. पण अबोल, अभ्यासू मुलीचा स्वतःवरचा विश्वास वेगळ्या वाटेनं येतो, असं मला इथं बसून ठामपणे वाटतं. आपण पाहिलंय, मोजलंय, पुन्हा मोजलंय, आणि ते कुणालातरी लागणार आहे, या जाणिवेतून तो येतो. मग कुणीतरी तिला खरा प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. एवढं थांबणं आपल्या घरांत फार कमी मिळतं.

तिनं ज्या मुक्ता साळवेवर भाषण लिहिलं, तिची गोष्टही हीच आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. चौदाएक वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या दोन अंकांत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकानं तो छापला. आपल्या माणसांचे हाल ती रोज डोळ्यांनी बघत होती. शाळेनं तिला लिहायला शिकवलं आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं. बाकीचं तिचं तिनं केलं.

आणि हे ऐकून घेणं केवळ कौतुकापुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जालना जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण बायकांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दहावीनंतर काय, हा प्रश्न या मुलीच्या घरातही येईल. कधी येईल, काय ठरेल, मला सांगता येत नाही. पण ज्या घरानं तिच्या आकड्यावर तीन एकराचं बियाणं ठरवलं, त्या घरात तिच्या बोलण्याला आज सकाळपेक्षा जास्त किंमत आहे, आणि हे तिलाही कळलंय.

वळकट्या एकामागून एक उघडतायत. आता ती भिंतीपाशी गेलेली नाही. मोजणारे मोजतात आणि शंका आली की तिला हाक मारतात, “ताई, हे बघ बरं.” कृषी सहायक दुसऱ्या टोकाला बीजप्रक्रियेबद्दल सांगतायत: रायझोबियम लावा, पोती एकावर एक रचू नका, सोयाबीनची साल पातळ असते; पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली दाणा घालू नका. काहीजण तिकडं, काहीजण इकडं.

नाना घरी जाऊन परत येतात. त्यांनी आपली तपासणी केलीच नव्हती. हातात पिशवीभर सोयाबीन.

“हे घाल बरं माय गोणपाटात. पेरणीच्या आत कळंल ना?”

“कळंल की.” ती पिशवीत हात घालते, दाणे तळव्यावर घेते. “नाना, तुमच्याकडं पोती किती?”

“सहा.”

“हे कोणत्या पोत्यातलं?”

“वरच्याच.”

ती पिशवी त्यांच्या हातात परत देते. “मग न्हाई चालत. सहाच्या सहा पोत्यांतून, वरून, मधून आन् खालून मूठमूठ काढून आणा. सगळं मिसळून मग शंभर दाणे मोजू.”

नाना क्षणभर तिच्याकडं बघतात, पिशवी काखेत मारतात आणि घराकडं वळतात.