लांडोर बंगल्याचे पुढे काय?

धुळ्याच्या दक्षिणेस, लळिंगच्या कुरणात वनखात्याचा लांडोर बंगला आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 31 जुलै 1937 रोजी येथे मुक्कामास होते. त्या स्मरणार्थ दरवर्षी याच दिवशी अनुयायांची रीघ लागते.

येथे स्मारक असावे, ही भावना रास्तच आहे. परंतु वनजमिनीच्या वनेतर वापरास 1980च्या कायद्यानुसार केंद्राची पूर्वसंमती लागते. शिवाय लांडोर जमिनीवरच अंडी घालते, आणि तिचा विणीचा काळ पावसाळ्यातच येतो. जीवविराधना टळावी म्हणून साधू-साध्वी ज्या ऋतूत विहार थांबवतात, तोच हा ऋतू. तेव्हा जुनी वास्तू जपावी, नव्या भिंती वाढवू नयेत. दर्शनार्थींनी रुळलेल्या वाटेनेच जावे. स्मृती आणि कुरण, दोन्ही राहतील.