गल्ल्यापासून कात्रीपर्यंत

जो व्यवसाय आपला माल स्वतः तयार करतो आणि स्वतःच्याच दुकानांतून विकतो, त्याच्यात दुकानाला गिऱ्हाईक आज काय मागते ते कळते, पण तो माल कधी तयार होईल ते ठाऊक नसते. कारखान्याला कापड, कारागीर आणि यंत्रे यांचा हिशेब पाठ असतो, पण मागच्या आठवड्यात पाठवलेल्या मालापैकी काय खपले आणि काय पडून राहिले याची खबर त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. दुकाने दोन-चार असतात तोवर मालक रोज संध्याकाळी स्वतः चक्कर मारून ही दोन टोके जोडून ठेवतो, आणि ती पन्नासांवर गेली की हेच काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या अंगावर येऊन पडते. या विभागाचा प्रमुख म्हणजे संगणक आणि नेटवर्क सांभाळणारा अधिकारी, अशी जी समजूत रूढ आहे ती अपुरी आहे, कारण गल्ल्यावर फाडलेल्या पावतीची खबर कापड कापणाऱ्या कात्रीपर्यंत वेळेत आणि बिनचूक पोचवणे हीच त्याची मुख्य जबाबदारी असते.

स्पेनमधील झारा या कपड्यांच्या दुकानांची वाढ या दृष्टीने फार बोलकी आहे. अमान्सिओ ओर्तेगा यांनी १९६३ मध्ये घरात घालायचे गाऊन शिवणारा छोटा कारखाना काढला आणि १९७५ मध्ये आ कोरुन्या या शहरात झाराचे पहिले दुकान उघडले. म्हणजे कारखाना आधी आणि दुकान नंतर, असा हा क्रम होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्यासोबत आलेले होसे मारिया कास्तेल्यानो हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यापूर्वी त्यांनी एका विमा कंपनीच्या माहिती-प्रणालीचे काम पाहिले होते. पुढे १९९७ मध्ये इंदितेक्स या मूळ कंपनीचा संपूर्ण कारभार त्यांच्याच हाती आला. माहितीचे काम जाणणारा माणूस कारभाराच्या मध्यभागी असणे ही गोष्ट साधी नाही, कारण संगणकावर किती खर्च करायचा यापेक्षा कोणता निर्णय संगणकाने घ्यायचा आणि कोणता माणसाने, हा प्रश्न अधिक अवघड असतो आणि त्याचे उत्तर व्यवसाय आतून ओळखणाऱ्यालाच देता येते.

झाराने दिलेले उत्तर आज वाचताना नवल वाटते. २००३ च्या सुमारास जगभर पाचशेहून अधिक दुकाने झालेली असतानाही तिथल्या गल्ल्यावरील यंत्रे डॉस या जुन्या प्रणालीवर चालत होती. डॉस म्हणजे पडद्यावर चित्रे नसलेली, आज्ञा टंकून चालवायची संगणकप्रणाली, जिची देखभाल तिच्या निर्मात्यांनीही सोडून दिली होती. दुकानाच्या यंत्रावर शिल्लक साठा पाहण्याची सोय नव्हती, म्हणून आठवड्यातून दोनदा व्यवस्थापक तळहातावर मावणारे छोटे यंत्र घेऊन दुकानभर फिरत, कोणत्या मापाचा कोणता कपडा संपत आला आहे ते डोळ्यांनी पाहत आणि मागणी नोंदवून मुख्यालयाला पाठवत. ही यंत्रणा जुनाट होती, पण भक्कम होती. नवे दुकान उघडताना यंत्र जोडले की काम सुरू होई आणि दुकानात संगणकतज्ज्ञ बसवावा लागत नसे. तिकडे कारखान्यात कापडाचा मोठा भाग न रंगवता कोराच ठेवलेला असे, कापणी यंत्रांवर होई, शिलाई आसपासच्या छोट्या कार्यशाळांकडे जाई आणि इस्त्रीसाठी माल परत येई; त्यामुळे दुकानांतून आलेल्या खबरेनुसार रंग आणि नमुना हंगामाच्या मध्यावरही बदलता येत असे. खबर वेगाने आली, पण तिच्यावर हालचाल करण्याची मुभा कारखान्याला नसली, तर महागडी प्रणालीही केवळ शोभेची ठरते.

दुकाने वाढत गेली तसा व्यवस्थापकांच्या अंदाजावरचा हा भरवसा अपुरा पडू लागला, कारण माल कमी आहे असे दिसले की प्रत्येक दुकान गरजेपेक्षा जास्त मागते, हे व्यापारात कोणालाही ठाऊक असते. तेव्हा झाराने फेलिपे कारो आणि जेरेमी गॅलियन या दोन संशोधकांच्या साहाय्याने कोणत्या दुकानाला कोणत्या मापाचे किती नग पाठवावेत हे सांगणारे गणिती प्रारूप तयार करून घेतले. त्यातली मेख दुकानाच्या जुन्या रीतीत होती. एखाद्या शर्टाचे मधले, सर्वाधिक खपणारे माप संपले की विक्रेते तो शर्ट मांडणीवरून उचलून आत ठेवत, जेणेकरून गिऱ्हाईक निराश होऊन परत जाऊ नये. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाचे नग शिल्लक असूनही त्यांची विक्री थांबे. संशोधकांनी ही रीत चूक न ठरवता गणितातच गोवली, आणि प्रत्यक्ष चाचणीत विक्री तीन ते चार टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. दुकानातल्या माणसांच्या शहाणपणाचा असा मान राखणे ही तंत्रज्ञान विभागाच्या नेतृत्वाची खरी कसोटी मानली पाहिजे.

याउलट नोंदीच चुकल्या तर काय होते, याचा धडा अमेरिकेतील टार्गेट या कंपनीच्या कॅनडातील दुकानांनी दिला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या विस्तारात हजारो वस्तूंची माहिती नव्या प्रणालीत घाईने भरली गेली, लांबीच्या जागी रुंदी आणि सेंटिमीटरच्या जागी इंच असे घोटाळे झाले. गोदामे तुडुंब आणि दुकानांतल्या फळ्या मोकळ्या, अशी अवस्था आली. या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात ती वस्तूंची मूळ यादी, ज्यात प्रत्येक वस्तूला एकच नाव, एकच क्रमांक आणि एकच माप असते, ती अशुद्ध असेल तर तिच्यावर उभारलेली मागणी, उत्पादन आणि हिशेब सगळेच डळमळते. २०१५ च्या प्रारंभी कंपनीने कॅनडातील १३३ दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याला इतरही कारणे होती, पण रिकाम्या फळ्यांचा वाटा मोठा होता. आपल्याकडे एकच पांढरा शर्ट कारखान्याच्या वहीत ‘सफेद हाफ’, गोदामात ‘व्हाइट शॉर्ट’ आणि दुकानाच्या बिलात नुसता ‘शर्ट ४०’ असा तीन नावांनी नांदत असेल, तर नव्या प्रणालीचा करार करण्याआधी त्याला एक नाव देणे हेच विभागप्रमुखाचे पहिले काम ठरते, आणि ते कंटाळवाणे असल्यामुळे नेमके तेच टाळले जाते.

यादी शुद्ध असली तरी दुकानात प्रत्यक्ष काय शिल्लक आहे तेही कळावे लागते, आणि त्यासाठी २०१४ पर्यंत झाराने कपड्याला लावलेल्या चोरीरोधक प्लास्टिकच्या बिल्ल्यातच रेडिओ लहरींनी ओळख सांगणारी चकती बसवण्यास सुरुवात केली होती. बारकोड एकेक करून दाखवावा लागतो, तर ही चकती नुसते वाचनयंत्र जवळून फिरवले की आपला क्रमांक कळवते. आणि विक्रीच्या वेळी बिल्ला गल्ल्यावर काढून घेतला जात असल्यामुळे तीच चकती पुन्हा दुसऱ्या कपड्यावर लावता येते. माद्रिदमधील एका मोठ्या दुकानात साठामोजणीला पूर्वी चाळीस माणसे पाच तास गुंतून पडत. नंतर दहा जण हातात वाचनयंत्र घेऊन कपड्यांच्या रांगांमधून चालत गेले आणि निम्म्या वेळात मोजणी संपवून पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळले.