दुरंगी विणीचा लोकरी कोट

आमच्या कोल्हापूरकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. घोंगड्याला ती उत्तम, पण अंगाबरोबर बसणाऱ्या कोटाला मऊ लोकरच हवी. कोट दोन रंगांत विणायचा म्हटले, की खरी अडचण मापाची. न लागणारा रंग पाठीमागून न्यावा लागतो. त्याने ऊब वाढते खरी, पण वीण आवळते. समजा, एकरंगी विणीत इंचाला ६ टाके बसतात आणि दुरंगीत साडेसहा. मग ४० इंच घेरासाठी घातलेले २४० टाके सुमारे ३७ इंचांतच संपतात. बटणे लागावीत कशी? म्हणून आम्ही सांगतो, मापाचा तुकडा दुरंगीच विणावा आणि धुऊन वाळवल्यावरच मोजावा. मागचा धागा सैल असावा. पाचसहा टाक्यांपलीकडे जाऊ लागला, तर मध्येच पीळ देऊन अडकवावा. नाही तर बाही चढवताना बोटे त्यातच गुंततात.