भेदरलेला कुत्रा आणि डुलती फळी

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. घोड्यांच्या अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. कुत्रा उड्या मारतो, बोगद्यातून धावतो, १२ खांबांतून नागमोडी जातो, अरुंद पूल आणि सी-सॉसारखी डुलती फळी ओलांडतो. हाताळणाऱ्याला ना कुत्र्याला हात लावता येतो, ना अडथळ्याला. आवाज, हाताची खूण आणि स्वतःच्या अंगाचा रोख एवढ्यावरच त्याने काम भागवायचे. माणसाच्या हाताला भ्यालेल्या कुत्र्याला हा नियम फार मानवतो.

निवारा केंद्रातून घरी आणलेला अवघड कुत्रा बहुधा गावठी असतो. कानाला नसबंदीची खाच, अंगावर जुने व्रण. त्याच्या अवघडपणाच्या मुळाशी बहुतेकदा भीतीच सापडते. तो कोपरा सोडत नाही, झाडू उचलला की दात दाखवतो, भांड्याजवळ कोणी आले की गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणे ही सर्वांत घातक चूक. गुरगुरणे हा इशारा आहे; तो मारून बंद केला की पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देता चावतो. चावण्याची शंका असेल तर मुसक्याची सवय लावावी, पण तीही आत खाऊ ठेवून, त्याने आपणहून तोंड घालेपर्यंत थांबून.

पहिले काही आठवडे शिकवणे नाही. जेवणाची वेळ, झोपायची जागा, फिरायची वाट रोज तीच. रेबीजची लस आणि गोचिडांचा बंदोबस्त सगळीकडेच लागतो. रायगड जिल्ह्यातल्या महाडात लेप्टोस्पायरोसिसची लसही टाळू नये. पुरात सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते, आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून हा रोग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. शेजारच्या पोलादपूरच्या डोंगरालगतच्या वाड्यांत बिबट्याचे भय वेगळे. तिथे रात्री अंगणात बांधलेला कुत्रा आयते भक्ष्य ठरतो, म्हणून त्याची जागा दाराआड.

सरावाचे मैदान भात कापल्यावर मिळते. खाचरातली धसकटे आधी काढावी लागतात, कारण ती पंजात घुसतात. खाचराचा बांध हाच पहिला पूल: अरुंद, तरी जमिनीला धरून असलेला. त्यावर कुत्रा निर्धास्त चालू लागला की जमिनीवर टेकवलेली फळी, मग विटांवर ठेवलेली. स्पर्धेतला पूल जवळपास सव्वा मीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या दोन्ही टोकांचा पट्टा वेगळ्या रंगाचा. तिथे पंजा टेकवणे बंधनकारक, म्हणजे कुत्रा उंचावरून उडी टाकत नाही. त्या पट्ट्यावर थांबला की तिथेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. उडीसाठी बांबूची काठी पुरते, पण ती धक्क्याने खाली पडणारी हवी. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्या कुत्र्यांसाठी उडी ५५ ते ६० सेंटिमीटर असते आणि १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरवत नाहीत. वाढत्या हाडांवर उड्यांचा मारा नको, म्हणून तोवर काठी जमिनीलगतच ठेवावी.

खरी कसोटी डुलत्या फळीची. पायाखालची जमीन हलते आणि वर टोक आपटल्याचा आवाज येतो. भित्र्या कुत्र्याला या दोन्ही गोष्टी नकोशा. ओढत नेले की फळी कायमची नावडती होते. म्हणून टोकाखाली पोत्यांची चळत ठेवतात, म्हणजे फळी दोन-चार बोटेच खाली जाते. कुत्र्याने स्वतः पंजा मारून ती आपटवायची आणि त्याबद्दल खाऊ मिळवायचा. आवाज आपणच काढतो हे त्याला उमगले की भीती ओसरू लागते. मग एकेक पोते काढायचे. याला आठवडे लागतात, आणि घाई केलेला प्रत्येक दिवस आठवडाभर मागे नेतो.

हलत्या पृष्ठभागावर स्वतःच्या विचाराने पाय टाकणे शोधपथकातल्या कुत्र्यांनाही शिकवतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या श्वानपथकांसह तिथे आल्या होत्या. ढिगाऱ्यावर वेग कामाचा नसतो. कुत्र्याला तोल सांभाळत, नाक लावून, हाताळणाऱ्यापासून दूर काम करावे लागते. खेळ शिकलेला घरचा कुत्रा तेवढ्याने शोधकुत्रा होत नाही. पायांचे शिक्षण मात्र दोघांचे एकाच जातीचे.

नागमोडी खांब शेवटी, कारण कुत्रा उपजत असे कधी चालत नाही. खांबांच्या दोन रांगा समोरासमोर लावून मधून सरळ वाट ठेवतात आणि रोज रांगा थोड्या जवळ आणतात. शेवटी ६० सेंटिमीटर अंतराची एकच ओळ उरते. उन्हाळ्यात जमीन टणक होते, म्हणून उड्या कमी आणि सराव उजाडताच. जूनमध्ये खाचर पाण्याखाली गेले की सराव पडवीत येतो. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून पोती अंथरतात, उड्या बंद ठेवतात, आणि खांबांचे काम तेवढे चालू राहते.