धरण लहान, धोका किती?

आमचं लोधीपुरा ओळखलं जातं ते कुंडी भंडाऱ्यामुळे. १६१५ च्या सुमारास, मोगल काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून, नुसत्या उताराच्या जोरावर बऱ्हाणपूर शहरात आणलं गेलं. ही व्यवस्था बिघडली तर पाणी आटतं, पण त्यामुळे कुणाचं घर वाहून जात नाही. धरणाचं मात्र तसं नाही. म्हणूनच धरणांची सुरक्षेच्या दृष्टीने वर्गवारी करतात.

या वर्गवारीत दोन वेगळे प्रश्न असतात आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो. पहिला प्रश्न, धरणाची तब्येत कशी आहे? पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासणी करून दोष किती गंभीर आहेत ते ठरवतात. दुसरा, ते फुटलंच तर खाली काय होईल? धरण ठणठणीत असलं तरी पायथ्याशी वस्ती असेल तर ते जास्त धोक्याच्या वर्गात जातं. उलट, मोडकळीला आलेल्या बांधाखाली नुसतं माळरान असेल तर त्याचा वर्ग खालचा.

कोरड्या मुलखात हा दुसरा प्रश्न फसवा असतो. नाला वर्षातले आठ महिने कोरडा, म्हणून लोक पात्राला लागून घरं बांधतात. बांध तोच राहतो, पण त्याचा वर्ग बदलायला हवा. शिवाय मातीचा बांध उन्हात तडकतो, त्यात उंदीर-घुशी बिळं करतात, झाडांची मुळं शिरतात. तलाव भरला की त्याच वाटांनी पाणी झिरपतं, माती सोबत नेतं आणि आतल्या आत भगदाड पडतं.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली, काही अटींत बसणारी. त्याहून बुटके गावतलाव बाहेरच राहतात. पाणी मात्र मीटर मोजून येत नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लघु पाटबंधारे योजनेतलं धरण. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खालच्या भेंदवाडीतली घरं गेली, वीसच्या आसपास माणसं गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात, बांधकाम चालू असलेलं कारम धरण गळू लागलं. तिथे खालची १८ गावं रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी सोडून दिलं. शेतांचं नुकसान झालं, पण माणसं वाचली.

दोन्हीकडे गळती आधी दिसली होती. फरक पडला तो खालच्या माणसांना वेळेवर हलवल्यामुळे. तेव्हा तुमच्या गावावर एखादा तलाव असेल तर तो किती मोठा आहे एवढंच विचारू नका. फुटला तर पाणी कुठवर आणि किती वेळात येईल, आणि रात्री दोन वाजता आम्हाला उठवणार कोण, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर पावसाळ्याआधी मिळायला हवं.